लाइटीबरोबर थांबणारा माग

"मला काय करायचंय बाई," आरोहीच्या हातात चहाचा कप देत मी म्हणाले, "पर लाइट गेली की माझ्या जावंचाबी माग थांबतो. एवढं माझ्या कानांनी ऐकलंय."

आरोहीने कप तसाच धरून ठेवला. "म्हणजे?"

"म्हंजे काय ते तुमीच वळखा. आमचं यंत्रमाग लाइट गेली की थांबत्यात. हातमाग कशाला थांबंल?"

तिने कप खाली ठेवला, फोनवर काहीतरी लिहिलं आणि येते म्हणून गाडीत जाऊन बसली. निम्मा चहा तसाच राहिला होता. तो मी मोरीत ओतला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

ही आरोही बेंगळुरूच्या एका संस्थेची. ही संस्था हातमागाच्या साड्या घेते आणि मोठ्या शहरांतून विकते. महिन्यातून एकदा ती सीमाभागातल्या आमच्या विणकरवस्तीत, खासबागेत येते ती माझ्या जावेकडे, अंजनीकडे. आमची दोघींची घरं एकाच जागेत, पुढे मी आणि मागे ती. मागे जायला एवढासा बोळ आहे, त्यामुळे गाडी माझ्या दारात थांबते. कॅमेरेवाले येतात, पांढऱ्या केसांच्या बायका येतात, एकदा तर एक परदेशी बाई येऊन माझ्या पायरीवर बसली. सगळ्यांचा प्रश्न एकच, अंजनीचं घर कुठं? तीस वर्षं मी या घरची थोरली सून. आता माझं घर म्हणजे अंजनीच्या घराची खूण झालं होतं.

आणि ही वेळ माझी मीच आणली होती, हे जास्त खुपायचं.

मी इचलकरंजीची. माझ्या माहेरी हातमाग आजोबांच्या काळातच माळ्यावर गेले आणि पुढे एकेक लाकूड करत बंबात गेले. लग्न होऊन इथे आले तर सासरे अजून खड्डामागावर बसायचे. जमिनीत मांडीइतका खड्डा, काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि पायांनी पावड्या दाबत विणायचं. मला ते बघूनच कसंतरी व्हायचं. सासरे गेले आणि एकोणीस वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली. तेव्हा मी माझ्या नवऱ्याला, नागोजींना, आधीच पढवून ठेवलं होतं. पुढची बाजू घ्या, रस्ता घ्या, थ्री फेजचं मीटर घ्या. मागची बुटकी खोली आणि ते लाकूड धाकट्याला राहू दे. गुंडूभावजी गरीब माणूस, ते काही बोलले नाहीत. अंजनीही बोलली नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, वेंधळी आहे.

आम्ही दोन यंत्रमाग बसवले, शेड घातली, पोराचं लग्न केलं, दोन वर्षांपूर्वी घरामागच्या सगळ्या परड्यात काँक्रीट घातलं. मागे भावजी एका दवाखान्यात वॉचमन झाले आणि माग अंजनीच्या पायाखाली आला. एक साडी उतरायला तिला चार-चार दिवस लागायचे. गिऱ्हाईक कोण? कुणी नाही. मला तिची कीव यायची. कीव करण्यात सुख असतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर कळलं.

कारण मग काळ असा फिरला की वीज न वापरणं हे पुण्य झालं. आरोही कुठून तरी वास काढत आली. हिरड्याच्या आणि डाळिंबाच्या सालीत रंगवलेलं सूत संस्थाच पाठवू लागली आणि अंजनी विणू लागली. प्रत्येक साडीच्या पदराला एक हिरवी चिठ्ठी लावतात. त्यावर कानडीत 'हसिरु' असं लिहिलेलं असतं. हसिरु म्हणजे हिरवं. खाली अंजनीचा फोटो आणि मजकूर असा की ही साडी वीज न वापरता, निसर्गाला धक्का न लावता विणली आहे. मला तो शब्द दर वेळी हसरू असा ऐकू यायचा. मला हसणारं काहीतरी.

यात तिचं कौतुक काय, सांगा. भावजींना यंत्रमाग घेणं जमलं नाही म्हणून त्यांच्याकडे वीज लागली नाही. न जमणं हेच आता थोर ठरलं. मग लाइट येण्याआधी ही आमची अख्खी गल्ली साधुसंतांचीच होती म्हणायची. पेपरात तिचा फोटो आला तेव्हा तो पेपर मी तेलाच्या डब्याखाली घातला, फोटो खालच्या बाजूला करून. वडगावात हळदीकुंकवाला गेले तर एका बाईने माझी ओळख करून दिली, "ही अंजनीची जाऊ." त्या दिवशी मी वाण न घेताच घरी आले.

आता लाइटीचं सांगते. आमच्याकडे मंगळवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, दहा ते चार. माग बंद असतात म्हणून माझी सून रूपाली त्या दिवशी टाकीचा नळ सोडून शेड धुऊन काढते. आठवडाभराचं सांडलेलं तेल, सुताचं तूस, सगळं. एरवी आमच्या खडखडाटात मागच्या खोलीतल्या मागाचा आवाज ऐकूच येत नाही. मंगळवारी मात्र यायला हवा. उन्हाळ्यात एकदा सहज लक्षात आलं की मंगळवारीही आवाज नाही. मग मी चार मंगळवार भिंतीला पाठ लावून, सुताच्या कांड्या भरत, कान देऊन बसले. विणकराच्या घरातल्या बाईला माग बघावा लागत नाही, ऐकला की कळतो. चारही मंगळवारी मागे शांत. आणि आठवड्याला साड्या मात्र बरोबर उतरत होत्या.

दोन आणि दोन चार मी लगेच केले. लाइट गेली की थांबतो म्हणजे लाइटीवर चालतो. हातमागाला लहानशी मोटर बसवता येते, पलीकडच्या गल्लीत एकाने बसवली होती. जाऊन बघायचं होतं, पण वाटणीनंतर मी तिच्या मागाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. सणावाराला ओसरीपर्यंत जायचं, प्रसाद द्यायचा आणि माघारी यायचं, एवढंच.

आरोही येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी अंजनी माझ्या दारात आली. पदराने हात पुसत उभी राहिली.

"आक्का, मंगळवारी तपासणी हाय म्हनं. बेंगळुरासनं मोठं सर येनार हाईत."

"कसली गं तपासणी?"

"मी मागाला मोटर बसवलीया म्हनून कुनीतरी सांगितलंय त्यास्नी."

"कुनी?"

"नाव सांगिना झालीया ती पोरगी. जाऊ दे, मोटर न्हाय ते दिसंलच की. पर मंगळवारी नको, बुधवारी या म्हनलं तर ऐकंना झालीया. लाइट नसतानाच बघायचंय म्हनती."

बुधवारी या म्हणाली! चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. वरून मात्र विचारलं, "चिठ्ठी काढून घेतली तर गं?"

"मग काय. चिठ्ठीबिगर साडी कोन न्हेतंय? हितल्या दुकानदारांस्नी हातमाग परवडत न्हाय. हे तर म्हनत्यात, माग मोडूया, दवाखान्यात झाडायचं काम बघतो तुला." तिने खाली बघितलं. "अठरा वर्सं बसलेय त्या मागावर. दुसरं काय येत न्हाय मला."

ती जायला वळली आणि पुन्हा थांबली.

"मंगळवारी रूपाली घरातच असनार व्हय?"

"असनार की. शेड धुनार, दर मंगळवारी धुती तशी. का गं?"

"काय न्हाय," ती म्हणाली. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी या आक्का त्या येळंला. घरातलं थोरलं मानूस कोनतरी पायजे."

येईन म्हटलं. न जाऊन कसं चालेल? तिचं तोंड उतरलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मंगळवारी दहाला लाइट गेली. आमचे माग थांबले. रूपालीने नळ सोडला आणि खराटा घेतला. अकराला गाडी आली. आरोहीबरोबर एक पन्नाशीचे चष्मेवाले गृहस्थ उतरले, नागेंद्र सर. हातात वही. मी जरीकाठाची साडी नेसून तयारच होते. बोळातून मी पुढे आणि ते मागे. मागाचा आवाज नव्हता. आरोहीने माझ्याकडे बघितलं. ऐका की, अशी मी मान हलवली.

खोलीचं दार उघडंच होतं. अंजनी मागावर नव्हती. ती खड्ड्यात उभी होती, नेसण गुडघ्यापर्यंत खोचून, आणि तांब्याने पाणी काढून बादलीत ओतत होती. पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. मागावर हळदीच्या रंगाची अर्धी साडी होती, ती तिने वर गुंडाळून प्लास्टिकच्या कागदाने झाकली होती.

"या सर," ती म्हणाली. "जरा बसा. एवढं पाणी काढते आन मग बसते मागावर."

नागेंद्र सर मागाभोवती फिरले. वाकून खाली बघितलं, दोऱ्या चाचपल्या, भिंती बघितल्या. मोटर नव्हती. तार नव्हती. मोटरीची पिन घालायला खोलीत जागासुद्धा नव्हती. आढ्याला एक बल्ब टांगला होता, तेवढाच काय तो विजेचा संबंध. मला वाटलं होतं तिचं तोंड उतरेल. आता माझंच उतरत चाललं होतं.

मग सरांनी खड्ड्यात बघितलं आणि मीही बघितलं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं म्हणतात. मी वाकून बघितलं तर तिथे माझंच होतं. पाणी काळपट होतं, त्यावर तेलाचा तवंग होता आणि तवंगावर जांभळं तूस तरंगत होतं. त्या आठवड्यात आमच्या दोन्ही मागांवर जांभळं सूत होतं. भिंतीच्या बुडाशी एक फट होती. तिथून करंगळीएवढी धार खड्ड्यात पडत होती आणि त्या भिंतीपलीकडे आमचं परडं होतं. काँक्रीट घालताना उतार मागे द्या असं मीच गवंड्याला सांगितलं होतं. पुढे दिला तर पाणी रस्त्यावर येतं, लोक बोंबलतात. मागे काय, मागे अंजनी.

लाइट गेली की तिचा माग थांबायचा, ते खरंच होतं. लाइट गेली की आम्ही शेड धुत होतो.

"नीरु एल्लिंद बर्तदे?" सरांनी तिला विचारलं. पाणी कुठून येतं?

अंजनीने तांब्या थांबवला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग कानडीतच सांगितलं की जमिनीतूनच पाझरतं सर, जागा सखल आहे.

सरांनी वहीत लिहिलं. मग तिच्याशी कानडीत बोलले, हळू आवाजात, वाईट वाटल्यासारखं. मोटर नाही, तक्रार खोटी आहे. पण असल्या पाण्यात उभं राहून केलेलं काम आमच्या नियमात बसत नाही. कामाची जागा कोरडी आणि स्वच्छ लागते. सुताला तेलाचं पाणी लागत असेल तर निसर्गाला धक्का न लावता असं चिठ्ठीवर कसं लिहायचं? चिठ्ठी थांबवावी लागेल.

"सर, पण यात यांची काय चूक?" आरोहीही कानडीतच म्हणाली.

"चूक नाही म्हणतोय मी," सर म्हणाले. "नियम आहे."

"किती दिस थांबणार?" अंजनीने विचारलं.

"जागा कोरडी होईपर्यंत."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा वाकून पाणी काढू लागली.

म्हणजे मला हवं होतं तेच होत होतं. चिठ्ठी जाणार, गाडी माझ्या दारात थांबायची बंद होणार, आणि यात माझं नाव कुठेच येणार नव्हतं. अंजनीने स्वतःच ते झाकलं होतं. मी फक्त आणखी दोन मिनिटं गप्प राहायचं होतं. तेवढ्यात बादली उचलण्यासाठी तिने एक पाय पावडीवर ठेवला आणि तो पाण्याबाहेर आला. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. घोट्याभोवतीची कातडी सोलून खाली लाल मांस दिसत होतं. हे एका मंगळवारचं नव्हतं. सगळ्या फोटोंत हात दिसायचे, माग दिसायचा, साडी दिसायची. पायांचा फोटो कुणी काढला नव्हता.

मी दारात गेले आणि ओरडले, "रूपाली, पाणी बंद कर."

"अजून निम्मं ऱ्हायलंय आत्ती," पलीकडून आवाज आला.

"बंद कर म्हनलं न्हवं."

मी परत आत आले. सगळे त्या फटीकडे बघत होते. धार बारीक झाली, थेंब झाले आणि मग थेंबही थांबले.

"नळ तुमचा?" नागेंद्र सरांनी मोडक्या मराठीत विचारलं.

"व्हय. नळबी आमचा आन तेलबी आमचंच."

"मग काकू, तुम्हीच तर मला त्या दिवशी..." आरोही बोलता बोलता थांबली. तिने अंजनीकडे बघितलं आणि ओठ मिटले. पण जेवढं बाहेर आलं होतं तेवढं पुरेसं होतं. अंजनीचा तांब्या पाण्यात तसाच राहिला. मग भरला, वर आला, बादलीत रिकामा झाला. तिने मान वर केली नाही.

सरांनी वहीतलं एक वाक्य खोडून दुसरं लिहिलं. महिनाभराची मुदत देतो म्हणाले. उतार बदलला, खड्डा वाळला, तर चिठ्ठी राहील. नाही तर त्यांचा इलाज नाही. कोण उतार बदलणार ते त्यांनी विचारलं नाही. जाताना आरोही अंजनीच्या पाया पडते की काय असं मला वाटलं, पण ती नुसतीच दारात घुटमळली आणि गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. त्या दिवशी चहाही कुणी मागितला नाही.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"कधीपासनं गं हे?"

"तुमी काँक्रीट घातलासा तवापासनं."

"दोन वर्सं? मग सांगायचं न्हाईस?"

"सांगाय आलते की परवा. तुमी म्हनलासा, शेड धुनार."

"परवाचं न्हवं. आधी कधीतरी."

तिने बादली खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं.

"आधी सांगितलं असतं तर तुमी म्हनला असतासा, ते लाकूड मोडून टाक, खड्डा बुजीव. आन नाव झाल्यावर सांगितलं असतं तर म्हनला असतासा, नाव झालं, आता बोलाय लागली. मग कधी सांगायचं हुतं आक्का?"

दोन्ही वेळा मी अगदी तेच म्हटलं असतं, शब्दसुद्धा बदलला नसता. इतक्या वर्षांत तिने मला पुरतं वाचलं होतं आणि मी तिला वेंधळी समजत होते. एवढे दिवस मी तिच्या नावाचा, फोटोचा, दारातल्या गाड्यांचा हेवा केला. त्या क्षणी मला हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या घरचं घाण पाणी दोन वर्षं उपसून, पाहुण्यांसमोर ते जमिनीतून येतं म्हणून सांगणं. हे मला एक दिवसही जमलं नसतं. जुन्या हेव्यापेक्षा हा जास्त झोंबला, कारण हे काही कुणी वाटणीत तिला दिलं नव्हतं.

"यास्नी सांगते मी," मी म्हणाले. यास्नी म्हणजे नागोजींना. "उद्या गवंडी आनू. उतार फोडू. तवर शेड धुनार न्हाय."

"भावजी ऐकतील?"

"न ऐकायला काय झालं? न्हाय ऐकलं तर पहार घेऊन मी फोडीन."

ती थोडीशी हसली. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. मलाही माझी तेवढी खात्री नव्हती. नागोजी कटकट करणार, खर्च मोजून दाखवणार, आणि चार दिवसांनी मला स्वतःलाच वाटणार की एवढं काय त्यात. मी मला ओळखते.

बादलीत शेवटचा तांब्या ओतून तिने नेसण खाली सोडलं. खड्डा खोल आणि काठ ओला होता. मी पुढे झाले, खाली वाकले आणि हात दिला. माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, तिची हिरवी चिठ्ठी जाणार म्हणून सकाळी मुद्दाम घातलेल्या. तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग तांब्या बाजूला ठेवला, स्वतःचे दोन्ही तळवे काठावर टेकले आणि दर वेळी चढत असेल तशी एकटीच वर आली.